राजकीय परिस्थिती ओळखायची कशी? आधी सही कोणाची ते बघा

२०२२ च्या मार्चमधे नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि तिथून २०२६ च्या जानेवारीपर्यंत शहरात एकही नगरसेवक नव्हता. माजी मात्र १२२ होते. गाडीवर पाटी तीच, लग्नपत्रिकेत नाव तेच, गणपतीत वर्गणी तेवढीच, फक्त सही चालत नव्हती. आमच्या सिडकोतल्या शेजारच्या काकू रहिवासी दाखल्याचा कागद घेऊन सवयीने त्यांच्या माजींकडे गेल्या तर ते म्हणाले, काकू चहा घ्या, पण माझ्या सहीला आता काही किंमत नाही. काकू घरी येऊन म्हणतात, अगं हे कधी झालं? दोन वर्षं होऊन गेली होती तेव्हा.

तेव्हापासून मी टीव्हीवर कोण कोणाला काय बोललं हे बघायचं जवळजवळ सोडलं आणि कुठलीही राजकीय गडबड झाली की आधी एवढंच बघते की आत्ता सही कोणाची चालते. बाकीचं सगळं त्याच्या मागून उलगडत जातं. एक जुनी वही घ्या, आडवी धरा आणि चार रकाने आखा. सही, मुदत, तक्रार, खिसा. निर्णय कोणाच्या सहीने होतो, ती सही कधीपर्यंत चालणार, पटलं नाही तर बोंब कुठे मारायची आणि शेवटी पैसे कोणाच्या खिशातून जातात किंवा कोणाच्या खिशात येतात. एवढंच. मी काही राज्यशास्त्र शिकलेली नाही, माझं बीकॉम झालंय, त्यामुळे हिशोबाच्या वहीसारखं मांडलं की मला कळतं.

सहीचा रकाना भरताना एक पथ्य पाळायचं. घोषणा ही सही नसते. मंत्री गोल्फ क्लब मैदानावरच्या सभेत काय बोलले ते वहीत पेन्सिलने लिहायचं, शासन निर्णय म्हणजे जीआर निघाला की मग पेनने. जीआर एकदा उघडून बघाच, सरकारच्या वेबसाइटवर फुकट असतात. खाली लिहिलेलं असतं 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि त्याखाली सही असते कुठल्यातरी उपसचिवाची नाहीतर अवर सचिवाची, ज्यांचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं. वर संदर्भ, तारीख, कुठल्या लेखाशीर्षातून पैसे, सगळं असतं. घोषणेत जे 'सर्वांना' असतं ते जीआरमधे अटींसकट येतं, तेव्हा आधी अटी वाचायच्या, प्रस्तावना नंतर.

आता पहिली परिस्थिती प्रशासक राजची घेते कारण ती आपण ताजी ताजी भोगलीये. राज्यघटना म्हणते पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. पण ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०२१ च्या मार्चमधे कोर्टाने तिहेरी चाचणीची (आधी आयोग नेमा, आकडेवारी काढा, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा) अट सांगितली, मग आयोग, मग अहवाल, मग प्रभागरचना कोणी करायची यावरून वाद, तारखांवर तारखा, आणि शेवटी २०२५ च्या मे महिन्यात कोर्टानेच आता निवडणुका घ्या असं बजावलं तेव्हा कुठे गाडी हलली. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. म्हणजे पाच वर्षांच्या सभागृहाऐवजी जवळपास चार वर्षं आयुक्तच प्रशासक.

याचा अर्थ कागदावर काय होतो बघा. एरवी आयुक्त प्रस्ताव ठेवतात, १६ जणांची स्थायी समिती पैशाचे विषय मंजूर करते, मोठे विषय महासभेत जातात, तिथे आरडाओरडा होतो, एखादा विषय तहकूब होतो, पेपरात येतं आणि मग आपल्याला कळतं. प्रशासक असताना प्रस्ताव ठेवणारा, मंजूर करणारा आणि अंमल करणारा एकच माणूस. काम पटकन होतं हे खरंय, मी नाकारत नाही, काही लोकांना तर तेच बरं वाटत होतं, कटकट नाही म्हणून. पण तक्रारीचा रकाना बघा ना. महासभाच नाही तर तुमचा विषय मांडणार कोण? २०२५ च्या शेवटी तपोवनातल्या झाडांचं तसंच झालं. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीसाठी, अठराशेच्या आसपास झाडांची नोटीस निघाली, आणि ज्या भांडणाला एरवी सभागृहात तोंड फुटलं असतं ते हरकतींच्या सुनावणीत, मग थेट तपोवनातल्या झाडांखाली आणि मग हरित न्यायाधिकरणात गेलं. कोण बरोबर कोण चूक ते तुमचं तुम्ही ठरवा, मी फक्त रस्ता दाखवतेय की तक्रार कुठून कुठे गेली.

माझा अनुभवाचा ठोकताळा असा आहे की तक्रारीचा रकाना रिकामा राहिला की सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापाशी, मोर्चांची गर्दी वाढते. कलेक्टर ऑफिस तिथेच आहे ना.

स्पष्ट बहुमत ही परिस्थिती सगळ्यात सोपी वाटते आणि तिथेच लोक फसतात. २०१७ ला नाशिक महापालिकेत १२२ पैकी भाजपचे ६६ आले, ६२ ला बहुमत होतं, राज्यातही मुख्यमंत्री त्यांचेच. म्हणजे सगळं एका हातात, बरोबर? २०१८ च्या फेब्रुवारीत तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले, घरपट्टीचे दर वाढवायचा निर्णय झाला, शेतजमिनींनाही कर लागणार म्हणून गावठाणातून बोंबाबोंब झाली, आणि सत्ताधारी नगरसेवकच आयुक्तांच्या विरोधात अविश्वास ठराव आणायला निघाले. ठरावाला एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतं लागतात, म्हणजे १२२ मधे ७७. विरोधकांना बरोबर घेतलं तर तेही जमलं असतं. पण मुंबईहून मुख्यमंत्र्यांचा निरोप आला आणि ठराव मागे घेतला गेला, आणि मग नोव्हेंबरमधे मुंबईहूनच आयुक्तांची बदली झाली. आता सांगा सही कोणाची? महापौराची नाही, सभागृहाची नाही, आयुक्ताची होती पण त्या आयुक्ताला पाठवायची आणि काढायची सही मंत्रालयात. आपल्याकडे महापौराला मान असतो, गाडी असते, बंगला असतो, कामकाजाची सही आयुक्ताची असते. नव्या महापौरांना शुभेच्छा देणाऱ्या बॅनरखाली उभं राहून हे आठवायचं.

आघाडी-युतीचं सरकार असलं की सहीवर दोन-तीन जणांचं बोट असतं. आपल्या पालिकेतच २०१२ ला मनसेचे ४० निवडून आले, महापौर मनसेचा झाला, पण ६२ गाठायला दुसऱ्यांचा हात लागलाच. राज्यात २०१९ ला तर एका महिन्यात सगळे प्रकार बघायला मिळाले. निकालात भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, बहुमत १४५ ला, युती तुटली, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ ला पहाटेचा शपथविधी, २६ ला राजीनामा, २८ ला नवे मुख्यमंत्री. मग २०२२ च्या जूनमधे शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी. ही सगळी सर्कस मुंबईत चालते आणि आपण म्हणतो आपल्याला काय फरक पडतो.

पडतो. पालकमंत्र्याचं उदाहरण घ्या. १८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी आली, त्यात नाशिकचं नाव होतं, आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक आणि रायगड या दोन जिल्ह्यांच्या नेमणुकांना स्थगिती. कारण सरकारातल्या तिन्ही पक्षांना ते पद हवं होतं. बहुमत तगडं होतं, सरकार पडायचा प्रश्नच नव्हता, तरी एक खुर्ची महिनोन्‌महिने भरता येत नव्हती. पालकमंत्री हा जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो, म्हणजे जिल्ह्यात कुठल्या शाळेची खोली, कुठला बंधारा, कुठल्या आरोग्य केंद्राची दुरुस्ती यासाठी जो पैसा येतो त्याचं वाटप त्या बैठकीत होतं. खुर्ची रिकामी असली तरी काम अगदी थांबतं असं नाही, अधिकारी करतात, दुसरे मंत्री बैठका घेतात, पण भांडायचं कोणाशी हे कळेनासं होतं. तक्रारीच्या रकान्यात मी तेव्हा प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

राष्ट्रपती राजवटीचं फार मनावर घेऊ नका. महाराष्ट्रात १९८०, २०१४ आणि २०१९ अशी तीनदा लागली, त्यातली २०१४ ची तर जेमतेम महिनाभर आणि २०१९ ची ११ दिवस. राज्यपालांच्या नावाने अधिकारी कारभार बघतात. तुमच्याआमच्या रोजच्या जगण्यात फारसं हलत नाही, फक्त नवीन धोरणाचे निर्णय लटकतात आणि अतिवृष्टीच्या मदतीसारख्या गोष्टींचा पाठपुरावा करायला मंत्री नसतो. २०१९ ला परतीच्या पावसाने द्राक्षबागा गेल्या होत्या, तेव्हा शेतकऱ्यांना हे नीट समजलं.

आणीबाणी मात्र वेगळी. लोक हे दोन शब्द एकच समजून वापरतात, 'आणीबाणीच लावलीये जणू' वगैरे, म्हणून सांगते. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. तिथे सही होती आणि बाकी तिन्ही रकाने कोरे. मंत्रिमंडळाला सुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, पेपरवर सेन्सॉर, मिसा नावाच्या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलेल्यांना कोर्टात दाद नाही, आणि आपल्या नाशिकरोड जेलमधेही तेव्हा राजकीय कैदी होते. नंतर ४४ वी घटनादुरुस्ती झाली, आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी दिल्याशिवाय राष्ट्रपतींना सही करता येत नाही आणि 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र उठाव' घातलं. तेव्हा कोणी उठसूट आणीबाणीची तुलना केली की विचारायचं, पेपर छापायच्या आधी सरकारला दाखवावा लागतोय का? कोर्ट उघडंय का? उत्तर काय येतं त्यावरून ठरवा, रागावरून नको.

आता कांदा. यावर मी जरा जास्त बोलणार कारण माझं माहेर निफाड तालुक्यातलं आणि घरात कांद्याशिवाय दुसरा विषय नाही.

नाशिक जिल्ह्याचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर आधी कांद्यावरची सही कुठली ते बघा. लासलगावला लिलाव होतो, व्यापारी बोली लावतो, बाजार समितीचे संचालक निवडून आलेले, आमदार गावचा, म्हणून सगळा राग तिथेच निघतो. पण भाव पाडणारी किंवा चढवणारी सही बऱ्याचदा दिल्लीत असते, विदेश व्यापार महासंचालनालय नावाच्या ऑफिसात, शुल्काची असेल तर अर्थ मंत्रालयात, एक पानाची अधिसूचना. २०२३ चा क्रम लिहून ठेवलाय मी. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून कमी भावाने बाहेर पाठवायचा नाही. ७ डिसेंबरला थेट निर्यातबंदी. डिसेंबर म्हणजे लाल कांदा निघायचा महिना आणि लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत भरून ठेवता येत नाही, निघाला की विकावाच लागतो, त्यामुळे बंदी नेमकी त्या वेळी आली की शेतकऱ्याच्या हातात थांबायचा पर्यायच उरत नाही. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडले आणि चांदवडला हायवे अडवला. माझा दादा म्हणाला होता, कांदा घेऊन गेलो, कांदा घेऊन आलो, डिझेल तेवढं खर्च झालं.

बंदी उठली ४ मे २०२४ ला, ती सुद्धा ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. आपल्याकडे लोकसभेचं मतदान कधी होतं? २० मे. सोळा दिवस आधी. तारखा शेजारीशेजारी लिहिल्या की हे असं दिसतं, नुसत्या बातम्या वाचून दिसत नाही. तरी दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार हरल्या, भास्कर भगरे आले, नाशकातून राजाभाऊ वाजे आले. मग विधानसभेच्या तोंडावर १३ सप्टेंबरला किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं, आणि उरलेलं २० टक्के १ एप्रिल २०२५ पासून गेलं.

खिशाचा रकाना इथे सगळ्यात महत्त्वाचा. बंदीमुळे सिडकोत माझ्या पिशवीत कांदा स्वस्त आला आणि तोच कांदा माहेरी उधारीच्या वहीत गेला. खताच्या दुकानाची उधारी, सोसायटीचं कर्ज, पुढच्या लागवडीचं रोप. एकच निर्णय, एकाच घरात दोन परिणाम. म्हणून 'समाजावर परिणाम' असं मोघम कधी लिहू नका, कोणत्या समाजावर, कोणाच्या स्वयंपाकघरात, कोणाच्या खळ्यावर ते लिहा. शहरातला मतदार संख्येने मोठा आहे आणि महागाईवर तो लगेच ओरडतो, त्यामुळे सरकार कोणाचंही असो कांदा वाढला की हात शेतकऱ्याच्या भावावरच पडतो. हे माझं मत आहे, पटलं तर घ्या.

पण इथेच एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडले. लोकसभेच्या निकालानंतर मी सगळ्यांना सांगत सुटले की बघा, कांद्याने रडवलं, आता विधानसभेतही हेच. सहा महिन्यांनी नोव्हेंबरमधे जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीच्या आल्या. पंधरावी मालेगाव मध्य, ती एमआयएमने १६२ मतांनी काढली. माझा अंदाज गेला गोदावरीत. मधल्या काळात लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० सुरू झाले होते, शुल्क कमी झालं होतं, उमेदवार वेगळे, जातीची गणितं वेगळी. तेव्हा एका कारणाला सगळा निकाल चिकटवायचा नाही. आणि आकडा वाचतानाही जपून. लोकसभेला दिंडोरीत भगरेच आडनावाच्या एका अपक्षाला तुतारी चिन्ह मिळालं होतं, त्याला लाखाच्या वर मतं पडली, कारण खऱ्या भगरेंचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्या लाखभर मतांचा 'मतदाराचा कौल' म्हणून अर्थ लावत बसलात तर हसं होईल.

शेवटची परिस्थिती आंदोलनाची, जिथे सही नसलेली माणसं सहीवाल्याला रस्त्यावर गाठतात. २०१८ च्या मार्चमधे किसान सभेचा लाँग मार्च आपल्या सीबीएसवरूनच निघाला, ६ तारखेला, १८० किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची आदिवासी माणसं, मुख्य मागणी वनजमिनी नावावर करा, जो कायदा २००६ सालचा. दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीत चालून पहाटे आझाद मैदान गाठलं. सरकारने लेखी आश्वासन दिलं. लेखी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण. २०२३ च्या मार्चमधे दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला, आणि वनजमीन पुन्हा यादीत होतीच. आश्वासन आणि अंमलबजावणी यांच्यामधे पाच वर्षं कुठे गेली हे शोधायचं असेल तर मुदतीचा रकाना बघा, लेखी पत्रात तारीख होती का आणि कोणावर जबाबदारी होती.

उलटही होतं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, हजारो माणसं, वर्षानुवर्षं चालला आणि दार काही उघडलं नाही. त्या वेळी कोणी वही भरली असती तर 'निष्फळ' असं लिहून मोकळा झाला असता. पण १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात, आपल्याच जिल्ह्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. म्हणून आंदोलनाच्या ओळीखाली मी चार ओळी रिकाम्या सोडते.

आचारसंहिता ही पण एक परिस्थितीच आहे पण छोटी. त्या काळात नवीन कामाची घोषणा नाही, उद्घाटन नाही, पण आधी कार्यादेश (वर्क ऑर्डर) दिलेलं आणि सुरू झालेलं काम चालू राहू शकतं. तेव्हा 'आचारसंहिता आहे हो' असं म्हणून कोणी तुमचं साधं काम परत पाठवलं तर कार्यादेशाची तारीख विचारायची. अर्ध्या वेळा तिथेच काम होतं.

वही कधी भरायची? मी रविवारी सकाळी मिसळ खाऊन झाली की बसते, अर्धा तास, जास्त नाही. आठवड्यात एकच विषय. दोन पेपर वाचायचे, एक ज्याचं पटतं तो आणि एक ज्याच्यावर चिडता तो, आणि दोन्हीत जी तारीख आणि जो आकडा सारखा आहे तेवढाच पेनने उतरवायचा. व्हॉट्सॅपवर आलेलं काहीही वहीत नको. कागद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा, 'का केलं' असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही, 'अमुक निर्णयाची प्रत, मंजुरीची तारीख आणि मंजूर करणाऱ्याचं पदनाम द्या' असं विचारा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, फी दहा रुपये, आणि ते रोख भरायला रांगेत उभं राहण्यापेक्षा अर्जावर दहाचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून द्या, पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.